चैती पुनवेनंतरचा रविवार

ज्या मिशनऱ्यांनी आमच्या आज्या-पणज्यांना ख्रिस्ताचं नाव सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या मंडळीत सण जवळजवळ नव्हतेच, असं आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. आजकाल नाताळ म्हटला की चांदणी, केक आणि लाल टोपी डोळ्यांपुढं येते. पण कोल्हापूर, सांगली, मिरज या भागात काम करायला आलेलं अमेरिकन मिशन प्रेस्बिटेरियन होतं, आणि या पंथाचं मूळ स्कॉटलंडात. तिथल्या सुधारकांनी १५६० सालीच नाताळ, लेंट, संतांचे दिवस सगळे एका दमात पुसून टाकले होते. बायबलात ज्याची आज्ञा नाही तो सण पाळायचा नाही. रविवार तेवढा प्रभूचा, बाकीचे दिवस कामाचे, असा रोकडा हिशेब. नाताळची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडात सुरू झाली ती १९५८ साली. म्हणजे आपल्याकडं गोवापासून वसईपर्यंत नाताळ शतकानुशतकं साजरा होत असताना तिकडं लोक त्या दिवशी कामावर जात होते.

कोल्हापूरला रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. पुढं १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं हाती घेतलं. १८८९ साली डॉ. विल्यम वानलेस हा कॅनडातला तरुण डॉक्टर इकडं आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं रुग्णालय उभं राहिलं. कवठे महांकाळकडच्या माणसांना मिरज म्हणजे दवाखाना, अशी ओळख तेव्हापासून पडली ती आजतागायत. कुणाचं पोट कापलं, कुणाच्या डोळ्याचा पडदा काढला, आणि खाटेवर पडल्यापडल्या कुणीतरी शुभवर्तमान वाचून दाखवलं. आमच्यासारखी विखुरलेली घरं बरीचशी अशी तयार झाली.

मग ज्यांच्याकडं सण नव्हते त्यांनी आमच्याकडं सण कसे आणले? माझं मत असं की पुरते त्यांनी आणलेच नाहीत. थोडे त्यांनी दिले, थोडे आम्ही मागून घेतले, आणि उरलेले आमच्या माणसांनी रानातल्या हंगामाला जोडून स्वतः बसवले. त्यामागं कारण होतं, आणि ते कारण गावात होतं, अमेरिकेत नव्हतं.

आमच्या बाजूला ख्रिस्ती झालेली बहुतेक घरं महार-मांगांची. गावच्या प्रत्येक सणाला या घरांना मान नव्हता, काम होतं. होळीची लाकडं गोळा करा, बेंदराला हलगी वाजवा, दसऱ्याला रेड्यापुढं उभं राहा, मेलेलं जनावर ओढा, आणि मग संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार उरलंसुरलं मागा. माझी आजी सांगायची, "सण म्हंजे काय, तर मागायचा दिवस. लोकांची पोळी ताटात, आमची पोळी टोपलीत." ख्रिस्ती झाल्यावर ही कामं सोडायची असा मिशनचा आग्रह होता, आणि आमच्या माणसांच्याही ते मनात होतंच. पण कामं सोडली की बलुतं गेलं, आणि बलुत्याबरोबर वर्षाचा आकारच गेला. गावात पुरणाचा वास सुटलेला आणि आपण घरात बसलेलो. त्या दिवशी पोरांना काय सांगायचं?

१९५६ नंतर शेजारच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्यांनाही नेमकं हेच कोडं पडलं. त्यांनी जुनी कामं टाकली आणि चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, विजयादशमी हे स्वतःचे दिवस उभे केले. आमची आजी त्यांच्या मिरवणुकीकडं बघून म्हणायची, "बरं केलं. माणसाला आपला दिवस पायजे." तिला ते आतून कळत होतं.

या आपल्या दिवसांची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावानं जात सोडली नव्हती, सरकारनं मात्र आमची सोडून दिली. त्यामुळं काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चुलीपाशी दुसरा, असा दुहेरी संसार चालला. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पोरगं शिकवायचं असेल तर आई काय काय करते ते मी पाहिलं आहे.

आता हे दिवस मोजायचे कसे? पाळकसाहेब महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचे. छापील पंचांग घरात नव्हतं आणि असतं तरी आजीला अक्षर येत नव्हतं. 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झालं, त्यानंतर भिंतीवर ईस्टरची तारीख दिसू लागली. त्याआधी आजीचा हिशेब आभाळात. चैती पुनव झाली की पुढचा रविवार पुनरुत्थानाचा. हा हिशेब तिला कुणी शिकवला ठाऊक नाही, पण तो चुकीचा नव्हता. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, हाच मंडळीचा नियम आहे. गावात हनुमान जयंतीचा सुंठवडा वाटला की आमच्या घरी ईस्टरची सारवण सुरू व्हायची. कधीमधी होळीच्याच पुनवेनंतर ईस्टर येऊन जायचा आणि निरोप मिळेपर्यंत आमचा दिवस टळलेला असायचा. मग आजी शांतपणे म्हणायची, "प्रभू उठायचा राहत न्हाई आमच्यासाठी," आणि पुढच्या रविवारी आम्ही तो साजरा करायचो.

मिरजेला जायचं तर बार्शी लाईटची छोटी गाडी होती. १९२७ साली ती मिरजेपर्यंत आली. एकाच रुळावर इकडं मिरज, तिकडं पंढरपूर. आषाढीला ती टपापर्यंत वारकऱ्यांनी भरून पंढरीकडं जायची, आणि नाताळला आमच्यासारखी दोन-चार कुटुंबं उलट्या दिशेनं मिरजेला. आषाढीची गाडी स्टेशनात उभी असताना टाळांचा आवाज ऐकून आजीचा पाय ठेका धरायचा. त्यात तिला काही वावगं वाटत नसे, कारण मंडळीत जी गाणी ती म्हणत होती त्यांची चाल त्याच घरातली होती. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, ती तुकोबांचं बोट धरून. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. शेवटच्या काळात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. गाणी मात्र टिकली, आणि अक्षर न येणाऱ्या बायकांनी सबंध बायबल त्या गाण्यांतून पाठ केलं.

मंडळीचं वर्ष सुरू होतं ते जानेवारीत नाही, तर नोव्हेंबरच्या अखेरीला, आगमनकाळानं. वाट पाहायचे चार रविवार. युरोपात हे दिवस अंधाराचे, बर्फाचे. कवठ्याकडं तेव्हा शाळूचं पीक कमरेच्या वर गेलेलं असतं, आणि पुढं कणसात दाणा भरू लागला की रानात माळा उभा राहतो. माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, पाखरं हाकलायची, रात्री जनावर शिरू नये म्हणून जागायचं. पीक पिकवणं आपल्या हातात नाही. राखण तेवढी आपल्या हातात आहे. जागे राहा, धनी कधी येईल सांगता येत नाही, हा त्या दिवसांतला धडा आम्हा पोरांना कुणी उलगडून सांगावा लागला नाही. घोंगडी पांघरून माळ्यावर डुलक्या काढणारा आणि मधेच दचकून ओरडणारा आमचा चुलता आमच्यासमोर होता.

नाताळ हा शब्द पोर्तुगिजांचा, जसा पाद्री हा शब्दही त्यांचाच. पण नाताळची गोष्ट मात्र आमच्या माणदेशी शेजाराची. कवठे, जत, आटपाडी हा मेंढरांचा मुलूख. दिवाळीनंतर बरेच धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात, पण जी राहतात ती मोकळ्या रानात बसवलेली असतात. रात्रभर शेतात राहून कळप राखणारे मेंढपाळ, ही लूकच्या शुभवर्तमानातली ओळ वाचली की आम्हाला परदेश आठवायचा नाही, ओढ्यापलीकडचा वाडा आठवायचा. देवदूताची पहिली बातमी राजाला नाही, पुजाऱ्याला नाही, ज्यांच्या अंगाला लोकरीचा वास येतो त्यांना. आमच्या घरचा नाताळ हुरड्याच्या दिवसांत यायचा. केक नव्हता. गुळाच्या करंज्या आणि शेंगदाण्याचे लाडू. पहिलं ताट बाहेर जायचं, शेजाऱ्यांकडं. काही घरं ते घ्यायची, काही घरं नमस्कार करून परत पाठवायची. परत आलेलं ताट आजी झाकून ठेवायची आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच घरी पाठवायची. टोपली घेऊन मागणाऱ्या बाईची नात आता ताट वाढून देत होती, या गोष्टीचा तिला जो अभिमान होता तो मला पुष्कळ वर्षांनी कळला.

सगळ्यांत अवघड काळ लेंटचा. इंग्रजीतल्या या शब्दाचा मूळ अर्थ वसंत ऋतू, दिवस लांबू लागणं. तिकडं दिवस लांबला की बर्फ वितळतो आणि कोंब फुटतात. आमच्याकडं दिवस लांबला की विहिरीचं पाणी एकेक पायरी खाली जातं. शाळू निघालेला, रान उघडं पडलेलं, अग्रणी नदीत वाळू. चाळीस दिवसांच्या अरण्यासाठी आम्हाला कल्पना ताणावी लागत नाही.

१९७३ सालचा लेंट मला नीट आठवतो. राखेचा बुधवार सात मार्चला आला होता. आमच्याकडं कपाळाला राख लावायची रीत नव्हती, पण त्या वर्षी खडी फोडून आलेल्या प्रत्येक माणसाचं तोंड पांढरं असायचं. बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवटचा, सगळ्यांत कडक तुकडा. सरकारी कामं निघाली होती, पाझर तलाव, रस्ते, नालाबांध. खायला लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी. खडीच्या ढिगाऱ्यावर एक नवलाची गोष्ट घडली. ज्यांच्या बांधावर आमची माणसं मजुरीला जायची, ती बागायतदार घरंही हातोडा घेऊन त्याच ओळीत बसली. बूड टेकायला तीच तापलेली जमीन, हजेरीला तोच मुकादम. पाण्याच्या घागरी तेवढ्या दोन होत्या.

पाळकसाहेब आले, त्यांनी उपासाविषयी सांगितलं. आजी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "साहेब, उपास करायला आदी घरात भाकरी पायजे. ज्याच्याकडं न्हाईच, त्यानं सोडायचं काय?" पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी उत्तर देण्याचा आव आणला नाही. यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय काढून वाचला. देवाला कोणता उपास आवडतो त्याचं त्यात वर्णन आहे, आणि त्यात पोट रिकामं ठेवण्यापेक्षा आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटण्याची गोष्ट आहे.

आमच्या घरी एक डबा होता. रोज पीठ मळायच्या आधी त्यातलं मूठभर बाजूला या डब्यात टाकायचं आणि महिन्याच्या शेवटी ते मंडळीला द्यायचं. त्या दिवसांत डब्यात पीठ पडत नव्हतं. आजी सुकडीची मूठ टाकू लागली. आमच्या ओळीतच एका शेतकरी घरची ओली बाळंतीण खडी फोडायला बसायची. पोर झोळीत, अंगावर दूध नाही. एके दिवशी आजीनं डबा नेऊन तिच्यापुढं ठेवला. ती बाई इकडंतिकडं बघून खाली मान घालून खाऊ लागली. मी घरी येऊन आईला उत्साहानं सांगितलं की तिनं आपलं खाल्लं, तिनं आपलं खाल्लं! आजी मागून म्हणाली, "उगं नाचू नगंस. भाकरी दिली असती तर घेतली नसती तिनं. सुकडी सरकारची. सुकडीला जात न्हाई." मग थोडं थांबून, "पण भूक तिची भागली का न्हाई? मग झालं."

त्या महिन्यात मंडळीला डबा रिकामाच गेला. पाळकसाहेबांनी वहीत आमच्या घरापुढं काय लिहिलं मला माहीत नाही.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ही तीन तासांची रीत मुळात दक्षिण अमेरिकेतली, पेरूतल्या लिमा शहरात जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेली. तिथून ती रोमन, अँग्लिकन असं करत कुठं कुठं फिरून आमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत आली. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली तीन तास बसायचं. "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार. त्या वर्षी तो ज्याच्या वाट्याला आला होता तो माणूस वाक्य वाचून खाली बसला, काही बोललाच नाही. खोलीतही कुणी हललं नाही. त्या वर्षीचा ईस्टर बावीस एप्रिलला होता. झावळ्यांच्या रविवारी ओढ्याकाठच्या शिंदीची पानं मिळत, त्या वर्षी तीही वाळलेली म्हणून लिंबाचे डहाळे घेतले होते.

ईस्टरपासून पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा. यहुद्यांमध्ये हा गव्हाच्या सुगीचा सण, नव्या पिठाच्या भाकरी देवापुढं ठेवायचा. आमच्याकडं तो बरोबर उलटा येतो, कोठार रिकामं आणि पेरणी तोंडावर. १९७३ मध्ये तो दहा जूनला पडला, मृग निघून तीन दिवस झालेले. वारा सुटला, आभाळ भरून आलं, आणि पवित्र आत्मा सुसाट वाऱ्यासारखा आला ही गोष्ट वाचताना खिडकीचं दार आपटत होतं. त्या साली पाऊसकाळ चांगला झाला. त्यानंतर मंडळीच्या वर्षात सण जवळजवळ नसतात, नोव्हेंबरपर्यंत नुसता लांब हिरवा काळ. शेतकऱ्याला तेव्हा सण परवडतही नाही. बाजरी, हुलगा, मटकी, भांगलण, पुन्हा शाळूची पेर.

आमच्यात रंगांचे पडदे, नेमून दिलेले पाठ, राखेचा बुधवार हे सगळं नीट बसलं ते बरंच उशिरा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन एका ताटात जेवू लागले. अँग्लिकनांकडं भरलेलं पंचांग होतं, आमच्याकडं रविवार आणि आजीची पुनव. काही जुन्या लोकांना हे पडदे-बिडदे रुचले नाहीत, अजूनही रुचत नाहीत. मला विचाराल तर जांभळा पडदा लागला की लेंट आला हे लहान पोराला कळतं, एवढं पुरे आहे.

यात एक गोष्ट आजीच्या हयातीत तिला दिसली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात द्राक्षवेलीचा दृष्टांत आहे. तिनं तो शेकडो वेळा ऐकला, पण वेल पाहिली नव्हती. बाभळीच्या मुलखात कुठली द्राक्षं! नंतर तासगाव, मिरज, कवठे या पट्ट्यात बागा झाल्या, म्हैसाळ योजनेचं पाणी चढून आलं, बेदाण्याची शेडं उभी राहिली. आता एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आगेमागे, खरड छाटणी चालते. घड उतरलेली हिरवी बाग दोन दिवसांत नुसत्या काड्यांची होते. बाहेरच्या माणसाला वाटावं बाग मारली. छाटणारा माणूस कुठं डोळा ठेवायचा आणि कुठं काडी तोडायची ते बोटानं चाचपून ठरवतो. आमच्यातले कितीतरी जण हेच काम करतात, मालक म्हणून नव्हे, मजूर म्हणून.

म्हणूनच द्राक्षमळ्याचा दुसरा दाखला, मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला, आमच्याकडं जास्त तापतो. धनी पहाटे मजूर लावतो, नऊला लावतो, बाराला लावतो, पार पाच वाजताही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात हा पाठ लेंटच्या आधीच्या तिसऱ्या रविवारी नेमलेला आहे, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, ऐन द्राक्षं उतरायच्या हंगामात. तो नेमणाऱ्याला कवठे महांकाळ ठाऊक असणं शक्य नव्हतं. अशाच एका फेब्रुवारीत घरच्या प्रार्थनासभेत हा पाठ वाचला गेला. दिवसभर घड तोडून आलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोटं काळी पडलेली.

"ह्यो कसला न्याय?" त्यातली एक म्हणाली. "सकाळधरनं उन्हात आमी, आन् पाचला आलेलीला बी तेवढंच?"

दुसरी म्हणाली, "आक्का, पाच वाजस्तोवर नाक्यावर हुबी ऱ्हायलेली बाई आळशी हुती म्हणून ऱ्हायली व्हय? तिला कुणी लावलंच न्हाई. तिच्या घरी काय पोरं न्हाईत?"

"हाईत की. पर उद्या सकाळी मग कोण जाईल कामाला? सगळ्याच पाचला जात्याल."

"तू जाशील?"

पहिली जरा गप्प झाली. "म्या न्हाई जायची," ती म्हणाली. "माझ्यानं दिवसभर नाक्यावर हुबं ऱ्हावत न्हाई. लोक बगत्यात."

पाळकसाहेब काही बोलणार होते, पण तेवढ्यात तिसरी उठून बसली आणि मुकादम किती कापतो त्याचा हिशेब सुरू झाला.